अहवाल स्वच्छ होता

माझ्या पत्नीच्या डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ होती. त्याच स्तनाची यंत्रावर काढलेली चित्रे पाहून एका तज्ज्ञ डॉक्टरने 'दोष आढळला नाही' असे सहीनिशी लिहून दिले होते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे कळायला मला दीड वर्ष आणि एकोणीस नोंदणीकृत पत्रे लागली. वाचणाऱ्या बाईला ते एका बैठकीत कळावे, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे.

मी डॉक्टर नाही. चौतीस वर्षे दौंडच्या न्यायालयात कारकुनी केली आणि नाझर म्हणून निवृत्त झालो. स्वभाव रागीट आहे, हे मान्य करतो. "राग जरा कमी करून लिहा, नाना," असे माझी मुलगी संगीता हिने सांगितले होते. प्रयत्न केला. जमलेले नाही.

शिबीर

निवृत्तीनंतर आम्ही शिरूर तालुक्यातील आमच्या गावी राहायला आलो होतो. त्या वर्षी शिरूरला बाजार समितीच्या आवारात पुण्याच्या एका धर्मादाय रुग्णालयाने मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांची क्ष-किरण चित्रे काढणारे यंत्र बसवलेली मोठी गाडी पाठवली. गाडीला कापडी फलक बांधला होता : 'आजच तपासणी करा, निश्चिंत व्हा.' त्या फलकाचे छायाचित्र मी काढून ठेवले नाही, याची मला आजही चुटपुट लागते.

आसपासच्या गावांतून चाळिशी ओलांडलेल्या बायकांना आणण्यासाठी टेम्पो केले होते. माझी पत्नी सुमन एरवी दवाखान्याचे नाव काढले की घरातली नसलेली कामे शोधून काढी. त्या दिवशी मात्र ती माझ्या आधी आवरून ओट्यावर येऊन बसली होती. मला कौतुक वाटले. कारण मी विचारले नाही.

आवारात पाहतो तो नोंदणीच्या टेबलावर दोनच मुली आणि रांग फाटकाबाहेर गेलेली. फॉर्म दोन पानी. बहुतेक बायकांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्या फॉर्म पाहूनच बावरल्या होत्या. असा गोंधळ मला उघड्या डोळ्यांनी पाहवत नाही. मी एक खुर्ची ओढली, खिशातले पेन काढले आणि म्हणालो, "इकडे या. मी भरून देतो." दुपारपर्यंत मी एक्केचाळीस फॉर्म भरले. गावात मला आप्पा म्हणतात. शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही व्हता म्हणून उरकलं बघा." ते वाक्य मला फार गोड लागले.

सुमन गाडीतून उतरली ती हसतच. "भाकरी थापल्यागत दाबून धरत्यात बाई," ती बरोबरच्या बायकांना सांगत होती, "पर बघितलं नीट. वरनं, कडंनं, समदीकडनं."

तीन आठवड्यांनी टपालाने अहवाल आला. 'तपासणीत दोष आढळला नाही.' मी तो शिरूरला नेऊन त्याला प्लास्टिकचे आवरण चढवून आणले आणि कपाटात ठेवला.

कपाट

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत, मी रस्त्याच्या खड्ड्यांबाबत बांधकाम खात्याला स्मरणपत्र लिहीत बसलो होतो. सुमन दारात येऊन उभी राहिली.

"अहो, हितं गाठ लागतीया. जाईना."

मी उठलो, कपाटातून अहवाल काढला आणि तिला तो संपूर्ण वाचून दाखवला. खालच्या डॉक्टरच्या नोंदणी क्रमांकासह. मग म्हणालो, "यंत्राने पाहिले आहे. यंत्रापेक्षा तुझ्या बोटांना जास्त कळते का?"

हे वाक्य मी येथे जसेच्या तसे देत आहे. साक्ष देणाऱ्याने स्वतःला गैरसोयीचे ते गाळू नये.

"व्हय, ते बी खरंच," असे म्हणून ती चुलीकडे गेली.

पुढे महिन्याभराने तिने पुन्हा विषय काढला. त्या वेळी मी अहवाल बाहेरही काढला नाही. नुसते कपाटाकडे बोट केले.

दौंड

संगीताचे पहिले बाळंतपण होते. जावई रेल्वेत असल्याने ती दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहते. सुमन बाळंतपणासाठी तिकडे गेली. एके सकाळी ती पाय लांब करून पायांवर बाळाला अंघोळ घालत होती. पदर खोचलेला, अंग भिजलेले. संगीताला आईच्या ओल्या पोलक्यातून दिसले की एका बाजूची कातडी आतून कोणी ओढून धरावी तशी खळगा पडून बसली आहे. तिने बाळ आईच्या पायांवरून उचलले आणि शेजारच्या बाईकडे दिले. मग मला फोन केला.

मी पहिल्या एस.टी.ने निघालो. पिशवीत अहवाल होता.

दौंडच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना दोन खोल्यांचा. पडद्याआड त्यांनी सुमनला तपासले, त्याला दोन मिनिटेही लागली नसतील. बाहेर येऊन हात धुता धुता म्हणाल्या, "पुण्याला जा. उद्याच."

मी अहवाल त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला.

"आप्पा, हा कागद आठ महिन्यांपूर्वीचा आहे. गाठ आत्ता माझ्या हाताखाली होती. कागद पिशवीत ठेवा."

पुण्याला दुसऱ्या एका रुग्णालयात गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावले. सुमन उठून माझ्या मागोमाग आली आणि आत येऊन उभी राहिली.

"मला सांगा की," ती म्हणाली, "माझंच हाय न्हवं ते?"

त्यांनी तिला सांगितले.  मग तिने विचारले, "मंग त्या मशीनला दिसलं कसं न्हाई?"

डॉक्टर म्हणाले, कधी कधी होते असे. हे उत्तर नव्हे. मी त्याच ठिकाणी ठरवले की या प्रश्नाचे उत्तर मी लेखी मिळवीन, आणि ज्याच्यामुळे हे आठ महिने गेले त्याला समोर उभा करीन.

दोघी

स्तन काढला. नंतर केमोची सलाईने झाली, त्यानंतर आठवड्यातून पाच दिवस विजेचा शेक, म्हणजे किरणोपचार. शिरूरहून रोज पुणे गाठणे तिला झेपेना, म्हणून आम्ही संगीताकडेच राहिलो. दौंडहून पुण्याला रेल्वे आहे.

त्या घरातील दिवसांचे वर्णन मला नीट करता येणार नाही. एका खोलीत बाळंतीण आणि रोगी. दोघींना वेळेवर खायला हवे, दोघींना झोप हवी, आणि दोघींची काळजी करणारी बाई म्हणजे त्या दोघीच. एका दुपारी संगीता भिंतीला टेकून बाळाला पाजत होती. समोर सुमन बसली होती, शस्त्रक्रियेच्या पट्टीवर पदर घट्ट ओढून. दोघींनीही एकमेकींकडे पाहिले नाही. मी दारातून परत फिरलो.

आणि मी काय करीत होतो? पत्रे लिहीत होतो. त्या धर्मादाय रुग्णालयाच्या अधीक्षकांना, विश्वस्तांना, आरोग्य खात्याला, वैद्यक परिषदेला. एकदा मी मसुदा मोठ्याने वाचून पाहत असताना संगीताने तो माझ्या हातातून घेतला.

"नाना, ते ठेवा खाली. आईला उलटी होतीय. तांब्या द्या."

मी तांब्या दिला. मग मसुदा पुन्हा घेतला. हेही गाळत नाही.

थोडे बरे लिहायचे तर रेल्वेतल्या बायकांबद्दल लिहावे लागेल. बायकांच्या डब्यात पुण्याला भाजी घेऊन जाणाऱ्या चौघी-पाचजणी असत. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी सुमनसाठी खिडकीची जागा धरायला सुरुवात केली. कोणी बसायला आले की त्यातली एक ओरडे, "उठ गं, आमच्या मावशीची हाय ती." डोक्यावरचे केस केमोतच गेले होते. त्यांच्यातल्याच एकीने तिला रुमाल बांधायला शिकवले. शेतात उन्हात बांधतात तसा, गाठ मागे. मी शेजारच्या डब्यातून जात असे. मला हे सारे सुमनकडून कळे. त्या दिवसांत ती ज्या गोष्टी आपण होऊन सांगे, त्या बहुतेक या डब्यातल्याच असत.

पत्रव्यवहार

रुग्णालयाचे पहिले उत्तर दोन ओळींचे होते आणि इंग्रजीत. मी मराठीत उत्तर मागितले. दुसरे मराठीत आले : यंत्र सुस्थितीत होते व चित्रे पात्र तज्ज्ञांनी पाहिली होती. मी लिहिले की यंत्र सुस्थितीत आणि तज्ज्ञ पात्र, तर गाठ कोणी लपवली? त्याला उत्तर नाही. रुग्णाने मागितल्यास कागदपत्रे बहात्तर तासांत द्यावीत, असा वैद्यक परिषदेचा नियम आहे. मी तो नियम उद्धृत करून चित्रे व सर्व कागदांच्या प्रती मागितल्या. बहात्तर तास सोडा, तीन आठवडे गेले. स्मरणपत्र पाठवले. त्याची पोचपावती आली, प्रती आल्या नाहीत.

मग मी स्वतः गेलो. दोन दिवस बाकावर बसवून ठेवल्यानंतर, ज्यांनी अहवालावर सही केली होती त्या क्ष-किरणतज्ज्ञ बाई भेटल्या. माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील.

"बसा काका."

"मी काका नाही. मी तक्रारदार आहे."

"बरं. तक्रारदार काका, बसा."

मी उभाच राहिलो. त्यांनी पाकिटातून सुमनची चित्रे काढून भिंतीवरच्या दिव्याच्या पाटीवर लावली. तेथे एक पांढुरका ढग दिसत होता.

"हे सगळं पांढरं दिसतंय ना? काही बायकांचा स्तन वय झालं तरी असा दाट राहतो. दाट भाग चित्रात पांढरा येतो. आणि गाठही पांढरीच येते. शिजलेल्या भातात खोबऱ्याचा तुकडा पडला तर लांबून दिसेल का? तसं आहे."

"तुमचे काम लांबून पाहण्याचे नाही."

"जवळूनच पाहिलं होतं. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा पुन्हा काढून पाहिलं. आता जागा माहीत आहे म्हणून इथं जरा सावली आहे असं वाटतं. माहीत नसतं तर आजही सोडलं असतं. खोटं सांगत नाही."

"म्हणजे यंत्र कुचकामी आहे."

"नाही हो. याच यंत्रावर हाताला लागायच्या आतच गाठ सापडलेल्या बायका आहेत, आणि त्या आज घरी आहेत. पण सगळ्याच गाठी सापडत नाहीत. कुणाच्या हातून चूक न होताही काही सुटतात."

"हे तुमच्या फलकावर लिहिलेले नव्हते. फलकावर 'निश्चिंत व्हा' असे लिहिले होते."

त्यांनी दिव्याची पाटी बंद केली. मग म्हणाल्या, "नव्हतं लिहिलेलं. लिहायला हवं होतं."

मी वही काढून हे वाक्य वेळेसह नोंदवले. इतक्या महिन्यांत मला मिळालेली ती पहिली कबुली होती, आणि ती मिळाल्यावर मी थांबायला हवे होते. पण समोरचा पक्ष एक पाऊल मागे सरला की पुढे जाण्याची मला सवय आहे.

"तुमचे चित्र गाठ दाखवत नाही, हे तुम्हाला माहीत होते," मी म्हणालो. "मग तेवढ्यावर विसंबून कागद का दिला?"

"गाठ आहे असं बाईनं सांगितलं असेल तर आम्ही चित्रावर थांबतच नाही. चित्र स्वच्छ आलं तरी हातानं तपासतो, सोनोग्राफी करतो, लागलं तर सुई घालतो. म्हणून तर फॉर्मवर तो प्रश्न आहे."

"विचारला होता का माझ्या पत्नीला तो प्रश्न?"

"विचारलेलाच असणार."

"असणार चालत नाही. फॉर्म दाखवा."

त्यांनी शिपायाला पाठवले. फॉर्म यायला बराच वेळ लागला. तो येईपर्यंत मी मनात ग्राहक मंचाकडच्या तक्रारीचा परिच्छेद रचून ठेवला होता. त्यांनी फॉर्म उलगडला, दुसरे पान वर केले आणि माझ्यापुढे ठेवला.

'स्तनात गाठ, वेदना, स्राव अथवा अन्य तक्रार असल्यास लिहावी.' त्यापुढे एकच शब्द होता : 'निरंक.'

शब्दाखाली दुहेरी रेघ होती. तशी रेघ मी काढतो.

निरंक

ज्यांनी कचेरीत काम केलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्या रकान्यात नोंदवण्यासारखे काही नसते तो आम्ही रिकामा ठेवत नाही. नंतर कोणी त्यात काही घुसडू नये म्हणून 'निरंक' असे लिहून खाली रेघ मारतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला हे शिकवले गेले आणि पुढे मी कितीतरी नव्या कारकुनांना ते शिकवले. कागद कसा पूर्ण दिसतो त्याने.

एक्केचाळीस फॉर्म, एक्केचाळीस वेळा 'निरंक'. मी एकाही बाईला तो प्रश्न विचारला नव्हता. उघड्या आवारात, पाठीमागे रांग उभी असताना, माझ्यासारख्या परक्या पुरुषाने बाईला छातीतल्या गाठीबद्दल विचारायचे कसे? उठून त्या दोन मुलींपैकी एकीला 'हा प्रश्न तुम्ही विचारा' म्हणणे एवढेच करायचे होते. ते मला सुचले नाही. मला ओशाळवाणे वाटत होते, आणि ते झाकायला माझ्या हाती पेन होते.

क्ष-किरणतज्ज्ञ बाई मला बोलू शकल्या असत्या. अक्षर कोणाचे हे त्यांनी माझ्या चेहऱ्यावर वाचले असणार. माझी पत्रे त्यांच्यासमोरच्या फाइलीत होती. त्यांनी एवढेच विचारले, "तुमच्या मिसेसना तेव्हा गाठ लागत होती का?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

हे उत्तर सत्य होते. याहून लाजिरवाणे उत्तर मी आयुष्यात दिलेले नाही.

मग मात्र मी खुर्चीवर बसलो.

मटार

दौंडला परतलो तेव्हा सुमन क्वार्टरच्या मागच्या दारात मटार सोलत बसली होती. डोक्याला तो रुमाल होता. मी समोर पाट घेऊन बसलो.

"शिबिराच्या दिवशी तुला गाठ लागत होती का?"

"लागत व्हती की. म्हणून तर गेले."

"मला का नाही सांगितलेस?"

"तुम्हाला कशाला? मशीनला दाखवाया गेले व्हते." तिने एक शेंग उघडली, आत दाणे बारीक होते, ती बाजूला टाकली. "टेबलापाशी सांगावं म्हणलं. माझा नंबर आला तर तुम्ही माझा कागद आधीच भरून ठिवल्याला. बाकीच्या बायांना निदान नाव तरी इचारलंत. मला ते बी न्हाई."

मी वही काढली आणि न उघडता परत खिशात ठेवली.

"तुमचं बी बरोबर व्हतं म्हणा," ती म्हणाली. "नाव, वय, समदं ठाऊक तुम्हाला."

ती हे चिडून म्हणाली असती तर मला सोपे गेले असते. ती मटार सोलत राहिली. थोड्या वेळाने माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता काय करता? सोताला नोटीस काढा, रजिस्टर पोष्टानं."

आतून संगीता हसल्याचा आवाज आला. मग सुमनही हसली. मला हसता आले नाही, पण ताटातल्या शेंगा मी पुढे ओढल्या.

नोंद घेण्यात आली आहे

कोणी असे समजू नये की मी रुग्णालयाला निर्दोष सोडले. माझी चूक ती माझी. त्यांची त्यांच्या पदरात आहेच. ज्या प्रश्नावर बाईचा जीव अवलंबून आहे तो प्रश्न उघड्या आवारातल्या टेबलावर विचारण्याची व्यवस्था कोणी केली? कोण्या येरागबाळ्याने खुर्ची ओढली आणि फॉर्म भरले, तर त्याला का अडवले नाही? एक्केचाळीस फॉर्मवर एकच अक्षर आणि एकच शब्द पाहून कोणाच्याही मनात शंका का आली नाही?

विसाव्या पत्रात मी भरपाईची मागणी मागे घेतली आणि दोनच गोष्टी मागितल्या. एक, हा प्रश्न बाईला बाईनेच, पडद्याआड, तोंडी विचारावा. दोन, प्रत्येक अहवालाखाली मराठीत छापावे : 'या तपासणीत काही गाठी दिसत नाहीत. हाताला गाठ लागली, कातडी आत ओढली गेली किंवा बोंडातून काही आले, तर हा अहवाल स्वच्छ असला तरी लगेच डॉक्टरांकडे जावे.'

उत्तर आले : 'आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे.'

हे वाक्य मी स्वतः नोकरीत इतक्या वेळा लिहिले आहे की त्याचा अर्थ मला कोणी सांगायला नको. पुढच्या वर्षी तीच गाडी दुसऱ्या तालुक्यात गेली. फलक तोच होता. या वेळी मी छायाचित्र काढले.

बाकीच्या चाळीस

मी कुठेही फॉर्म भरले तर नावांची यादी स्वतःजवळ ठेवतो. शेक संपून सुमनच्या अंगात जरा बळ आले तेव्हा मी ती यादी काढली. चाळीस बायका 'निरंक' घेऊन घरी गेल्या होत्या.

"तुम्ही जाऊन काय इचारणार?" सुमन म्हणाली. "दारात उभं ऱ्हाऊन? बायांना? मी येते."

आम्ही एस.टी.ने आणि सहा आसनी रिक्षांनी फिरलो. ती आत जाई, मी बाहेर बसे. अनुभव गोड नव्हता. पाबळला एकजण म्हणाली, "आप्पा, तवा तुमीच म्हणाला, काळजी नगं. आन् आता भेव घालाया आलाय व्हय?" शिक्रापूरला, कारखान्यातल्या पोरांना खोल्या भाड्याने देणारी एक ठसठशीत बाई अहवाल नाचवत बाहेर आली. "म्या पास हाय बगा. तुमची मंडळी नापास झाली आसंल." सुमनने तिलाही शांतपणे बसवून सांगितले, की आपणसुद्धा पासच होतो. एका घरात तर नवऱ्याने आम्हाला ओट्यावरूनच परत लावले. चांगल्या घरात रोगाचे नाव काढू नका म्हणाला. मी त्याला कायदा ऐकवणार होतो. सुमनने माझी बाही ओढली.

अशा हिंडण्यात आम्ही मंदाकडे पोहोचलो. तिचे नाव आणि गाव मी बदलले आहे. तिची सासू ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. सुमन आत गेली आणि लवकर बाहेर आली नाही. चिंचांचा ढीग अर्ध्यावर आला.

"आप्पा, काय बोलत्यात म्हणायचं ह्या एवढं?" सासूने विचारले.

"बायकांचे बोलणे," मी म्हणालो.

अखेर दोघी बाहेर आल्या. मंदाचे डोळे कोरडे होते, पण पदर तिने मुठीत गच्च धरला होता. सुमन सासूसमोर उकिडवी बसली, दोन चिंचा उचलून फोडू लागली आणि सहज म्हणाली, "मामी, मंदाला उद्या माझ्यासंगट पुण्याला न्हेते. माझी तपासणी हाय. सोबतीला बाई पायजे. ह्यांना बायांच्या खोलीत घेत न्हाईत."

"उद्या? आन् कांदा कोण लावणार?"

"कांदा दोन दिस थांबतोय, मामी. डॉक्टर थांबत न्हाई."

सुमनची पुढची तपासणी दीड महिन्यावर होती. तारीख मी स्वतः लिहून ठेवली होती. समोर जाणूनबुजून केलेले असत्य विधान होते, आणि चौतीस वर्षांत मी असे विधान दुरुस्त न करता पुढे जाऊ दिलेले नाही. माझे तोंड उघडलेही होते.

सासू माझ्याकडे वळली. "खरं का वो आप्पा?"

सुमनने वर पाहिले नाही. ती चिंच फोडत होती.

"खरे आहे," मी म्हणालो. "मला आत घेत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तिघे पुण्याला गेलो. दोघी आत गेल्या, मी बाहेरच्या बाकावर बसलो. खिडकीवरच्या माणसाने फॉर्म माझ्यापुढे केला, तो मी तसाच आत पाठवून दिला.

सुमन आज माझ्यासमोर बसून हे ऐकते आहे. दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते आणि डॉक्टरांशी स्वतः बोलते. मंदाच्या तपासणीत काय निघाले, ते सांगण्याचा अधिकार मंदाचा आहे. मी तिला विचारलेले नाही.